वहिनीच्या अंगातली देवी

फार जुनी गोष्ट आहे ही. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्याचं नाव सांगू शकेल असं आता कोणी उरलेलं नाही. डोंगराच्या कुशीत ते गाव होतं. गावाच्या डोक्यावर एक टेकडी, टेकडीवर देवीचं देऊळ, आणि देवळाच्या पायऱ्यांपासून थेट नदीपर्यंत उतरत गेलेली घरं.

त्या गावात देवी बोलत असे.

गाभाऱ्यातली दगडाची देवी नव्हे. मंगळवारी आरतीला संबळ वाजू लागला, की विणकराच्या घरातल्या थोरल्या सुनेच्या अंगात येई. आधी ती जागच्या जागी नुसती डोलायची. मग केस सुटायचे, डोळे फिरायचे, श्वास भात्यासारखा चालायचा आणि ती घुमू लागायची. गुरव पुढे होऊन तिच्या कपाळभर कुंकवाचा मळवट भरायचा आणि तिच्या तळहातावर जळता कापूर ठेवायचा. हात मागे घेतला नाही तर देवी खरी. तिने हात कधीच मागे घेतला नाही.

मग सारं गाव चिडीचूप होई, आणि देवी बोले.

"ए कुंभारा! स्वतःच्या लेकराला पोटाशी घेतोस आणि सावत्र लेकराला गोठ्यात निजवतोस. मला दिसत नाही वाटतं?"

कुंभार थरथरत पुढे येई, पायांवर डोकं ठेवी, आणि दिवस मावळायच्या आत त्या पोराचं अंथरूण गोठ्यातून घरात येई.

एका कोरड्या वर्षी तर देवीने थेट पाटलालाच धरलं होतं. "पाटला, तुझ्या विहिरीवर काठीवाला पहारा, आणि माझी लेकरं नदीच्या वाळूत झरे उकरतायत? उठव तो पहारा!" राजाच्या कारभाऱ्यासमोरही ज्याची मान कधी झुकली नव्हती, त्या पाटलाने पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. "चुकलो आई," म्हणाला. पहारा उठला.

आता या बाईच्या धाकट्या दिराची गोष्ट ऐका.

तो अगदी लहान असताना त्याची आई गेली. वहिनीनेच त्याला वाढवलं, त्याच्या केसातल्या उवा काढल्या, तापात त्याच्या उशाशी बसली. तरी नवऱ्याचा भाऊ तो. म्हणून ती त्याला "अहो भावजी" म्हणायची, आणि तो तिला "ए वहिनी". गावाची रीतच तशी होती. त्यात काही वावगं आहे असं त्या दोघांनाही कधी वाटलं नाही.

मुलगा हुशार निघाला. दूरच्या नगरात शिकायला गेला. तिथे त्याच्या गुरूंनी त्याला एकच मंत्र दिला: कार्य दिसलं की कारण शोध, कारण सापडेपर्यंत नमस्कार करू नकोस. तो मंत्र त्याच्या हाडीमासी खिळला. शिकून परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत अशी चमक होती, की वाटावं, समोरचं काहीच आता अंधारात राहणार नाही.

आल्या आल्या त्याने गावाची भुतं हाकलली. नाल्याकाठी निळा दिवा घेऊन फिरणारी हडळ म्हणजे कुजलेल्या चिखलातून निघणारा वायू, हे त्याने पोरांना चिखलात काठी खुपसून दाखवलं. वेशीवरची चिंच वारा सुटला की रडायची. तो झाडावर चढला. दोन फांद्या एकमेकींवर घासत होत्या. त्याने एक तोडली. चिंच गप्प झाली. गाव खूश झालं. लोक त्याला पंडित म्हणू लागले, निम्मं कौतुकाने आणि निम्मं चिडवायला.

"पंडिता, आमची म्हातारी पण वारा सुटला की रडते. तिची कुठली फांदी तोडू?" कट्ट्यावरचे लोक विचारत. पंडितही हसायचा. ते दिवस फार चांगले होते.

मग मंगळवार आला.

लहानपणी वहिनीला घुमताना पाहून त्याची छाती फुगायची. आज त्याला दुसरंच दिसलं. आरती संपल्यावर तिला दोघींनी धरून घरी आणलं. तिचं अंग तापलं होतं, ओठ कोरडे पडले होते. त्याने तिचा तळहात उघडून पाहिला. जुन्या डागांवर नवे डाग. कातडी जागोजागी चामड्यासारखी झाली होती.

"हे कुठवर चालायचं, वहिनी?"

"देवीला विचारा."

"देवी नाहीये. तू आहेस ती. तूच बोलतेस."

तापातही तिला हसू आलं. "मी? अहो भावजी, या घरात आमटीत मीठ किती घालायचं तेसुद्धा मी विचारून घालते. मी बरी पाटलाला अरेतुरे करीन!"

ती खोटं बोलत नव्हती, हे त्याला कळत होतं. पण तिला ठाऊक नसलेलं कारण आपल्याला सापडेल अशी त्याची खात्री होती. तो पाळतीवर राहिला. आणि कारण सापडलं. नदीच्या घाटावर धुणं धुताना बायका एकमेकींना जे सांगत, तेच मंगळवारी देवीच्या तोंडून बाहेर पडत होतं. वहिनीला जे माहीत नसे ते देवीलाही माहीत नसे. हरवलेल्या मेंढीची चौकशी करायला आलेल्या धनगराला देवीने "श्रद्धा ठेव" एवढंच सांगितलं होतं; कारण मेंढ्या घाटावर येऊन बोलत नाहीत.

एवढं पंडिताला पुरेसं होतं. पण गावाला पुरावा लागतो. आणि तो तरुण होता, त्याला घाई होती. प्रत्येक मंगळवारी वहिनीचा हात भाजत असताना कोण धीर धरील?

एका दुपारी वहिनी भाकरी थापत होती. तो जेवायला बसला आणि सहज बोलावं तसं म्हणाला, "तेलघाण्यावरच्या आजोबांचे हाल ऐकवत नाहीत गं. दारात म्हशी आहेत, आणि म्हाताऱ्याला सून शिळे तुकडे वाढते. पाण्यात भिजवून खातात बिचारे."

परातीवरचा तिचा हात थांबला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. कोणाजवळ बोलू नको म्हणाले."

तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली, तरी तिला कळलं नाही. पंडिताला मात्र करपल्याचा वास आला. आपली मात्रा लागू पडली, एवढंच त्याने त्यातून ओळखलं. दुसऱ्याच्या ताटातल्या शिळ्या तुकड्यासाठी कोणाच्या हातची भाकरी का करपते, याचं कारण शोधावं असं त्याला वाटलं नाही.

मंगळवारी देऊळ भरलं होतं. संबळ वाजला, केस सुटले, मळवट भरला, कापूर पेटला. देवीने गर्दीत तेल्याला हुडकून काढलं.

"पुढे ये! बापाला शिळे तुकडे घालतोस? ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिलीस, त्याला पाण्यात भिजवून खायला लावतोस?"

तेली पांढराफटक पडला. त्याचा बाप पुढेच बसला होता. त्याला कमी ऐकू यायचं. शेजाऱ्याने कानाशी ओरडून सांगितलं तेव्हा तो धडपडत उभा राहिला.

"कोण म्हणतं असं? माझी सून तव्यावरची भाकरी सरळ माझ्या ताटात टाकते. वर तुपाची धार! हे बघा, हे पोट काय हवेने आलंय?" आणि त्याने ढोल वाजवावा तसं पोट बडवून दाखवलं.

कोणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात पंडित पुढे झाला.

"ही बातमी मी रचली होती," तो म्हणाला. त्याचा आवाज स्वच्छ होता, गुरूंनी शिकवला तसा. "आणि ती मी एकाच माणसाला सांगितली होती. माझ्या वहिनीला. देवी बोलत असती तर तिला खरं काय ते कळलं नसतं का?"

संबळ थांबला. वहिनीचे फिरलेले डोळे हळूहळू जागेवर आले आणि दिराच्या चेहऱ्यावर येऊन थांबले. तळहातावरचा कापूर अजून जळत होता. तिने हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदाच झटकला. कापूर पायरीवर पडला आणि विझला.

सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती पाटलाने.

"वा पंडित! गावाचे डोळे उघडलेस." त्याने स्वतःचा शेला काढून पंडिताच्या खांद्यावर घातला. मग सगळेच टाळ्या वाजवू लागले. जे कधीकाळी त्या पायांवर डोकं ठेवून रडले होते, ते तर जास्तच जोराने वाजवत होते. पाटलाला एवढा आनंद का झाला, हे विचारायला पंडित विसरला. सत्य एवढ्या सहज जिंकतं याचंच त्याला नवल वाटत होतं.

घरी वहिनी हाताला खोबरेल लावत बसली होती.

"रागावलीस? अगं, तुला मोकळं केलं मी."

"भावजी, त्या म्हाताऱ्याला खरंच तूप मिळतं ना?"

"हो."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

त्यानंतर देवी बोलली नाही. आणि खरं सांगायचं तर पुष्कळ बरंही झालं. ताप आला की लोक अंगारा लावायचे ते वैद्याकडे जाऊ लागले. नवसाची कोंबडी वाचली. गुरव चार दिवस फुरंगटला, मग त्याने भाजीचा वाफा लावला. पाटलाने आपल्या ओसरीवर पंडिताला शाळा काढून दिली, पंचांच्या बैठकीत शेजारी जागा दिली. पंडित मुलांना ग्रहणाचं कारण सांगे, इंद्रधनुष्याचं कारण सांगे. मुलांचे डोळे विस्फारले की त्याला वाटे, याचसाठी जन्म घेतला.

कुंभाराच्या सावत्र पोराचं अंथरूण मात्र पुन्हा गोठ्यात गेलं. पंडिताने ते जाता-येता पाहिलं. बोलू एकदा कुंभाराशी, असं मनात म्हणालाही. पाटलाच्या विहिरीवर काठीवाला पुन्हा येऊन बसला. तेही पंडिताने पाहिलं. पण शाळा पाटलाच्या ओसरीवर होती, आणि उन्हाळा अजून लांब होता.

"तुझी वहिनी हल्ली घरातही बोलत नाही रे," एकदा भाऊ मागावरून मान न उचलता म्हणाला. पंडिताला वाटलं, थकली असेल.

पुढे एका सकाळी वहिनी शाळेच्या दाराशी येऊन उभी राहिली. या ओसरीवर ती कधी आली नव्हती. त्याने मुलांना खेळायला सोडलं.

"भावजी, पाटलाच्या धाकट्या सुनेला माहेरी पाठवायला हवं."

ही सून पलीकडच्या खोऱ्यातली. जेमतेम वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली, हसरी पोर. लग्नात तिच्या वडिलांकडून मानपानात काही चूक झाली होती; पाटलाच्या चुलत्याला आहेराचं पागोटं द्यायचं राहून गेलं, म्हणे. तेव्हापासून पाटलाने हट्ट धरला होता, की व्याही जोवर दारात येऊन पाय धरत नाही तोवर मुलगी माहेरचा उंबरा पाहणार नाही. आता तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तो हट्ट काही सुटत नव्हता.

"तिचे पाय सुजलेत," वहिनी म्हणाली. "बोट दाबलं की खड्डा पडतो, तो भरत नाही. तोंड सुजलंय. डोकं ठणकतं म्हणते. परवा घाटावर तिला एका घागरीच्या दोन घागरी दिसल्या. आणि तिच्याकडून रोज पाणी भरून घेतात, दळण दळून घेतात. माझी धाकटी बहीण अशीच गेली, भावजी. मी पाहिलंय हे. तिला आडवं करायला हवं. सुईण हवी, वैद्य हवा, आई जवळ हवी."

पंडिताने लगेच विश्वास ठेवला. त्याच्यात हे चांगलं होतं. त्याला वाटलं, बघा, हीच ती नवी रीत! कुंकू नाही, कापूर नाही, बाई सरळ येऊन कारण सांगते आहे.

"तू हे पंचांसमोर बोल," तो उत्साहाने म्हणाला. "जसं मला सांगितलंस तसंच. आता लोक कारण ऐकतात."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. "ऐकतात?" एवढंच म्हणाली.

पंच देवळाच्या पायऱ्यांवर जमले. वहिनी उभी राहिली. केस बांधलेले, पदर डोक्यावर. ती बोलू लागली आणि पंडिताच्या लक्षात आलं की तिचा आवाज ऐकूच येत नाही. तोच आवाज, जो कधी नदीपलीकडच्या गुराख्यापर्यंत पोचायचा. कारण आता कोणी गप्प बसलं नव्हतं. कोणी तपकीर ओढत होतं, कोणी पिकाचं बोलत होतं. मागे एक कुत्रं भुंकत होतं आणि त्याला हाकलायलाही कोणी उठत नव्हतं.

"मोठ्याने बोल की बाई! का कापूर आणायचा?" एकाने विचारलं. हशा पिकला.

"दुसऱ्याच्या चुलीत कशाला डोकावतेस? आपली भाकरी करपेल," दुसरा म्हणाला.

पाटील हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, "आमच्या घरच्या लेकीसुना आम्ही सांभाळतो. बाळंतपण काय जगात पहिलं होतंय? पाय तर सगळ्यांचेच सुजतात."

पंडित उठला. "पाटील, वहिनी म्हणते ते खरं आहे. तिने हे आधी पाहिलेलं आहे. निदान वैद्याला तरी दाखवा."

"पंडिता," पाटील म्हणाला, आणि त्याच्या आवाजात माया होती, "या बाईच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका, हे आम्हाला कोणी शिकवलं? याच पायरीवर उभं राहून शिकवलंस ना? म्हाताऱ्याला शिळे तुकडे मिळतात असं हीच म्हणाली होती. आज म्हणते सुनेचे पाय सुजले. पुरावा काय?"

"ते खोटं मी रचलं होतं! तिने नव्हे!"

"पण बोलली तीच ना?"

पुन्हा हशा पिकला. आपण नेमकं काय सिद्ध केलं होतं, हे पंडिताला त्या क्षणी कळलं. त्याने सिद्ध केलं होतं की ही देवी नाही, बाई आहे. गावाने ऐकलं होतं, की ही तर नुसती बाई आहे!

तो धावत वैद्याकडे गेला. वैद्य म्हणाला, "मी येईन. पण पाटलाच्या माजघरात मला पाटलाने बोलवायला हवं. नाहीतर उंबऱ्यावरूनच परत पाठवतील." पंडिताने पाटलिणीला निरोप धाडला, निरोप नेणारी बाई उत्तराशिवायच परत आली. घाटावर बायका कुजबुजत होत्या, पण पंडित जवळ आला की गप्प होत होत्या. त्याच्यासमोर बोललं तर ते कशासाठी वापरलं जाईल, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं.

मंगळवार उजाडला. पंडित चुलीपाशी वहिनीसमोर जाऊन बसला.

"वहिनी," तो म्हणाला, "एकदाच. आज आरतीला एकदाच अंगात येऊ दे. तेवढं पाटलाला सांग. मी सगळ्यांना सांगतो की माझं चुकलं होतं. सांगतो, की देवी खरी आहे."

कार्य दिसलं की कारण शोधणारा तो मुलगा, खोट्या नमस्काराला तयार झाला होता. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"येत नाही हो आता."

"नुसतं ढोंग कर. केस सोड, घुमल्यासारखं कर."

"मी ढोंग कधी केलंच नव्हतं, भावजी. ते यायचं. कसं यायचं ते मला काय ठाऊक? तुमच्यासारखं मला कारण सांगता येत नाही. पण एवढं आठवतं, सगळं गाव एकदम गप्प व्हायचं. एवढी माणसं, पाटीलसुद्धा, आणि सगळी माझ्याच तोंडाकडे बघतायत. तसं झालं की माझ्या पोटातलं सगळं वर यायचं. आठवडाभर साठलेलं. घाटावरच्या सगळ्याजणींचं. मग मी माझी राहायचेच नाही." तिने चुलीत एक लाकूड सारलं. "आता कोणी गप्प होत नाही. मग येणार कुठून?"

पंडिताने मान खाली घातली. एवढी वर्षं तो कारण शोधत होता. खरं कारण आत्ता त्याला सांगितलं गेलं होतं, आणि तेही जिला काही कळत नाही असं तो समजत होता तिच्याकडून. तिच्या अंगात देवी येत नव्हती. तिच्या अंगात, कोणीतरी ऐकतंय, हा भरवसा येत होता. आणि तेवढाच त्याने काढून घेतला होता.

तरी ती आरतीला गेली. त्याच्यासाठी नाही, त्या पोरीसाठी गेली. संबळ वाजला तशी ती डोलू लागली, केस सोडले, आवाज चढवला. "पाटला..." एवढं म्हणाली, आणि पोरांनी टाळ्या पिटल्या. "आली, आली! आता कोण शिळं खातंय?" गुरवाने तोंड फिरवलं. ती तशीच मोकळ्या केसांनी थोडा वेळ उभी राहिली. मग केस बांधले आणि पायऱ्या उतरून घरी आली.

त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. भर दुपारी विहिरीवरून पाणी आणताना पाटलाची धाकटी सून वाटेत कोसळली. तिचे हातपाय ताठले, दातखीळ बसली. आता मात्र पाटलाने वैद्याला बोलावलं, स्वतः माणूस धाडला. वैद्य आला, आणि तिची नाडी धरून बसला तो बसूनच राहिला. मूलही वाचलं नाही.

सारं गाव पाटलाच्या दारी जमलं. मुलीचे वडील डोंगर उतरून आले. त्यांच्या हातात एक नवंकोरं पागोटं होतं. ते दिलं की मुलीला माहेरी नेता येईल म्हणून ते निघाले होते; वाटेत त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. ते पागोटं घेऊन दारात उभे राहिले, आणि ते कोणाच्या हाती द्यावं हे त्यांना कळेना.

पाटलाने डोळे पुसले. ते अश्रू खोटे नव्हते. "काय करणार," तो म्हणाला, "देवीच्या मनात होतं."

"देवीच्या मनात होतं," लोकांनी मान डोलावली. "तिच्यापुढे कोणाचं चालतं?" टाळ्या पिटणाऱ्यांनीही मान डोलावली. जिला त्यांनी गावातून हसून घालवलं होतं, तिला त्यांनी त्या दिवशी परत बोलावलं, आपलं पाप उचलायला.

पंडित पुढे झाला. या वेळी त्याचा आवाज स्वच्छ नव्हता, फाटका होता.

"देवीच्या मनात नव्हतं. तुमचं हे बोलणंही अंगात आल्यासारखंच आहे, आणि या मरणालाही कारण आहे. ती पोर सुजली होती आणि तिच्या डोक्यावर घागरी होत्या, म्हणून ती मेली. एका पागोट्यासाठी तिला माहेरी जाऊ दिलं नाही, म्हणून मेली. एक बाई हे वेळेवर सांगत होती आणि आपण हसलो, म्हणून मेली. आणि आपण का हसलो, तर मी तुम्हाला हसायला शिकवलं, म्हणून."

कोणी टाळी वाजवली नाही. कोणी वादही घातला नाही. एकेक जण जमिनीकडे बघत निघून गेला. आपल्यावर येणारं कारण कोणालाच नको असतं; नाल्यावरच्या हडळीचं कारण ऐकायला मात्र सगळे जमतात.

दुसऱ्या दिवशी ओसरीवरची शाळा बंद झाली. पंडित भावाशेजारी मागावर बसू लागला. त्याने वहिनीची क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं ते खरंच होतं, भावजी. त्या पोरीच्या कामी आलं नाही, एवढंच."

पुढे कित्येक वर्षं तो मंगळवारी देवळाच्या पायरीवर जाऊन बसे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना विनवे, "बोला, मी ऐकतो. देवीच्या नावाने नाही, तुमच्या नावाने बोला." बायका पदर सावरून पुढे जात. त्या गावात भूत राहिलं नाही, हडळ राहिली नाही, अंगात येणारी देवीही राहिली नाही. आणि पाटलाला खडसावणारा एकुलता एक आवाजही राहिला नाही. पंडित म्हातारा झाला तरी त्याच्यापाशी येऊन कोणी बसलं नाही.

म्हणून सांगते, मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो: कारण जरूर शोधा, भुतं जरूर हाकला, त्यात कोणाची भीड धरू नका. पण एवढं ध्यानात ठेवा.

तात्पर्य: देवीचा मुखवटा उतरवण्याआधी त्यामागच्या माणसाचं बोलणं ऐकायला शिका आणि शिकवा, नाहीतर उघडं पडलेलं सत्यही कोणाचा तरी जीव घेतं.